मागचा आरसा

आमच्या घरात बोलण्याची टंचाई कधीच नव्हती. तळमजल्यावर बाबांचं सलून, वर आम्ही. कात्रीचा आवाज आणि बाबांचा आवाज दोन्ही एकदमच जिन्यातून वर यायचे आणि एक थांबला की दुसराही थांबायचा. आई स्वयंपाकघरातूनच त्यांना उत्तरं द्यायची आणि खाली बसलेल्या गिऱ्हाइकांना त्याची फुकट करमणूक व्हायची. मी या दोघांची मुलगी, तेव्हा माझ्याबद्दल वेगळं सांगायला नको. दादा तेवढा कमी बोलतो, म्हणजे इतर घरांतले लोक जेवढं बोलतात तेवढं.

अशा घरात वहिनी लग्न होऊन आली आणि पहिले काही आठवडे आम्हाला वाटत होतं, हिचं काहीतरी बिनसलंय. काही बिनसलं नव्हतं. तिला बोलायची घाई नव्हती, एवढंच. ती लोकांसाठी वेबसाइट बनवते. फुलवाल्याची, दातांच्या डॉक्टरांची, कुणा शिकवणीवाल्या बाईंची. जेवणाच्या टेबलाचं एक टोक तिनं धरलं आणि तिथे लॅपटॉप मांडून ती दिवसभर बोटं चालवायची. बाबा माणसाला त्याच्या नावानं हाक मारतच नसत. मला ते वकील म्हणायचे, कारण मी लहानपणापासून भांडते. आईला सरकार. वहिनीचं नाव त्यांनी दुसऱ्याच दिवशी ठेवलं, खुटखुट.

"काय खुटखुट, आज कुणाचं दुकान मांडलं?"

"दातांच्या डॉक्टरांचं."

"दात दिसतात त्यात?"

"दिसतात."

"मग झालं. अजून काय लागतं माणसाला!"

एवढंच त्यांचं संभाषण, पण बाबा त्यावर दिवसभर खूश असत. आम्ही सगळे बोलणारे. ऐकणारं माणूस त्यांना घरात पहिल्यांदाच मिळालं होतं. दुपारी गर्दी नसली की वहिनी त्यांचा चहा घेऊन खाली जायची आणि रिकाम्या बाकावर बसून त्यांचं काम बघायची.

खाली तीन खुर्च्या होत्या. दोन वापरातल्या, आणि तिसरी भिंतीकडेची, जिच्यावर कायम चादर टाकलेली असे. कुणी बसायला गेलं तर बाबा म्हणायचे, "ती नको, तिचा पंप गेलाय, बसल्या बसल्या खाली जाल." आम्ही लहान असल्यापासून तो पंप गेलेलाच होता. संध्याकाळी शटर अर्ध्यावर आलं की आई खाली जायची. दुकान आवरायला, असं ती म्हणायची. एवढ्याशा दुकानात आवरायला इतका वेळ कसा लागतो, असा प्रश्न मी वकील असूनही मला कधी पडला नाही.

बाबांची एक पद्धत होती. केस कापून झाले की ते हातातला गोल आरसा गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे धरत आणि गप्प उभे राहत. दिवसभरात ते गप्प असायचे ते तेवढाच वेळ. गिऱ्हाइकानं समोरच्या आरशात मागचं बघून मान हलवली की मगच अंगावरचं कापड निघायचं. वहिनीनं एकदा विचारलं, "टक्कल असलेल्यांनाही दाखवता?"

"त्यांना तर आधी! अगं, डोकं त्याचं आहे. मागची बाजू त्याला दिसत नाही, मला दिसते. म्हणून काय मीच ठरवून टाकायचं, छान झालंय म्हणून? त्यानं मान हलवली की काम संपलं. तोवर मी कोण?"

वहिनी हसली होती म्हणे. ही गोष्ट तिनं मला फार नंतर सांगितली.

मग एका सकाळी बाबा दाढी करता करता खाली बसले, ते उचलूनच न्यावे लागले. जीव वाचला. उजवा हात लुळा पडला आणि शब्द गेले. कळायचं सगळं. कोण आलं, कोण गेलं, आई कुणावर चिडली आहे, सगळं. पण सांगायला गेले की तोंडातून "ता... ता..." एवढंच यायचं. सुरुवातीला तर मानही उलटसुलट हलायची. हो म्हणायचं असलं की आडवी. डॉक्टरांनी बजावलं होतं, सध्या यांच्या मानेवर विसंबू नका. आम्ही ते पक्कं लक्षात ठेवलं. नको तेवढं पक्कं.

मी दोन गल्ल्या पलीकडे राहते, रोज यायचे. घर इतकं शांत झालं होतं की जिना चढताना माझ्याच चपलांचा मला राग यायचा. दुकानाला कुलूप होतं. बाबा खिडकीशी बसत आणि आई त्यांच्याशी हळू, समजुतीच्या सुरात बोले, आजारी माणसाशी बोलतात तसं. त्या सुराचा मला फार त्रास व्हायचा. आई बाबांशी जन्मात कधी समजुतीनं बोलली नव्हती.

बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक बाई यायच्या. त्यांनी चित्रांचा तक्ता दिला होता. बाबा डाव्या हाताच्या बोटानं चित्र दाखवत. साधे छापील शब्दही त्यांना ओळखू येत. पण एकेक शब्द दाखवून किती बोलणार? वहिनी कोपऱ्यातून हे सगळं बघत होती. एक दिवस ती म्हणाली, "मी एक पान करून बघू का, बाबांसाठी?"

पान म्हणजे वेबपेज. टॅबलेटवर मोठी मोठी बटणं: चहा, पाणी, गार, दुखतंय, खिडकी, दुकान, खुर्ची, सकाळ, संध्याकाळ, असे घरातले शब्द. बाबांनी दोन-तीन दाबायचे, आणि त्यावरून पुरं वाक्य तयार करायचं काम भाषेच्या मॉडेलचं, म्हणजे वाक्यं जुळवणाऱ्या एका प्रोग्रॅमचं. मग टॅबलेट ते मोठ्यानं बोलणार. मी विचारलं, त्या मॉडेलला कळतं तरी काय? वहिनी म्हणाली, "समोर जे लिहिलंय, त्याच्यापुढे कुठला शब्द शोभेल, एवढंच. एक शब्द ठेवतं, मग त्याच्यापुढचा, मग त्याच्यापुढचा."

"म्हणजे अंदाजपंचे."

"हो. पण पुष्कळ वाचून केलेला अंदाज."

आईनं एकच अट घातली. "आमच्या घरातलं बोलणं कुठल्या परक्या गावच्या मशिनीत जायला नको. हे मला काय म्हणतात ते माझ्यापाशीच राहू दे."

दुसरी कुणी सून असती तर म्हणाली असती, आई, अहो कोण ऐकतंय तुमचं! वहिनीनं मान डोलावली आणि अवघड वाट धरली. मोठी मॉडेलं कंपन्यांच्या मशीनवर चालतात. आपण शब्द पाठवायचे, तिकडून वाक्य येतं. तिनं एक लहानसं मॉडेल शोधलं, जे थेट ब्राउझरमध्ये, त्या पानाच्या कोडमध्येच चालेल. एकदा टॅबलेटवर उतरवून घेतलं की पुढे इंटरनेटचीही गरज नाही. आईनं वायफायचा डबा स्वतःच्या हातानं बंद करून खात्री करून घेतली. एवढं झालं तेव्हा कुठे तिचा चेहरा सैल झाला.

बोलायला हे सोपं वाटतं, पण वहिनीनं त्यासाठी किती दिवस घासले ते मी बघितलंय. आधी पानच गोठायचं. मॉडेल वाक्य जुळवत असताना बटणं दाबली तरी हलायची नाहीत. बाबा चिडून दाबत राहायचे, आणि मग सगळी बटणं एकदम वाजायची. वहिनी म्हणाली, स्वयंपाकाला बसवलेल्या माणसालाच मी दार उघडायला लावलंय. मग तिनं मॉडेलला कोडातल्याच एका वेगळ्या भागात, जणू आतल्या खोलीत, नेऊन बसवलं आणि बाहेरचं पान बटणांसाठी मोकळं ठेवलं. नंतर आपली जोडाक्षरं रुसली. मॉडेल अक्षरांचे तुकडे करून लिहितं, त्यामुळे पडद्यावर आधी रिकामे चौकोन उमटायचे आणि मग अक्षर जुळायचं. शब्द पुरा होईपर्यंत दाखवायचाच नाही, असं तिनं केलं. मग एक दिवस ते "मला चहा हवा आहे आणि मला चहा हवा आहे आणि मला चहा हवा आहे" असं सुरू झालं ते थांबेचना. आई म्हणाली, "हे तर यांच्यावरच गेलंय." तो हट्ट मोडायला वहिनीनं मॉडेलला जरा सूट दिली: दरवेळी सगळ्यात जास्त शोभणारा शब्दच घ्यायचा असं नाही, शोभणाऱ्या पहिल्या चार शब्दांतला एखादा चिठ्ठी टाकून उचलायचा. त्यानंतर वाक्यं खरंच माणसासारखी यायला लागली.

आणि तिनं मॉडेलसाठी वर एक सूचना लिहिली, जी पडद्यावर दिसत नाही पण दर वाक्याच्या आधी मॉडेलला वाचायला मिळते. तू एक प्रेमळ, सुसंस्कृत, वयस्कर गृहस्थ आहेस. दिलेल्या शब्दांवरून पूर्ण आणि सुंदर वाक्य तयार कर. तिनं ती आम्हाला वाचून दाखवली. दादा म्हणाला, वा. सगळेच वा म्हणालो. आमच्या बाबांना सुसंस्कृत म्हटलं जात होतं आणि घरात कुणालाही हसू आलं नाही, यावरूनच ओळखा आमची काय अवस्था होती ती.

पहिल्यांदा बाबांनी 'चहा' दाबलं, 'गार' दाबलं. टॅबलेट थोडा वेळ गप्प राहिला आणि मग एका गोड पुरुषी आवाजात म्हणाला, "माझा चहा थोडा गार झाला आहे. कृपया तो गरम करून मिळेल का? मनःपूर्वक आभार."

आईच्या हातातला डाव खाली पडला. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तर टाळ्याच वाजवल्या. पूर्वी हेच बाबांनी कसं सांगितलं असतं ते मला ठाऊक आहे: "सरकार, हा चहा आहे की अंघोळीचं उरलेलं पाणी?" पण त्या क्षणी कुणाला त्याची आठवण काढायची होती! बाबा बोलत होते, बस. फक्त बाबांनी तेवढं टॅबलेटकडे असं बघितलं होतं, जणू दुसऱ्याच कुणाचं कापड आपल्या अंगावर टाकलंय.

पुढचे काही आठवडे आमच्याकडे जत्रा होती. शेजारी आले, जुनी गिऱ्हाइकं आली. बाबा दोन बटणं दाबत आणि टॅबलेट म्हणे, "आपण वेळात वेळ काढून आलात, याचा मला अतिशय आनंद वाटतो." ज्या माणसाला बाबांनी वीस वर्षं 'भोपळा' म्हणून हाक मारली होती तो हे ऐकून गहिवरून गेला. घरी जाताना मला म्हणाला, "आजारपणानं माणूस किती बदलतो, नाही?" मला ते टोचलं, पण मी हसून मारून नेलं.

आईला मात्र मारून नेता आलं नाही. टॅबलेट तिला म्हणायचा, "तू माझी फार काळजी घेतेस." ती म्हणायची, "हो, हो," आणि उठून आत जायची. हळूहळू ती बाबांशी बोलायचीच कमी झाली. एकदा भाजी चिरताना मला म्हणाली, "बोलतात गं छान. पण माझ्याशी नाही बोलत. सभेत बोलल्यासारखं बोलतात." आणि व्यायामाच्या बाईंनी विचारलं, हल्ली तोंडानं प्रयत्न का करत नाहीत हे? तेव्हा आम्ही म्हणालो, आता गरजच काय!

मग तो दिवस आला. आम्ही सगळे घरात होतो. दिवेलागणीला बाबांनी टॅबलेट जवळ ओढला आणि सावकाश तीन बटणं दाबली. दुकान. संध्याकाळ. खुर्ची. आणि आईकडे बघितलं. टॅबलेट म्हणाला, "आता आयुष्याची संध्याकाळ झाली आहे. माझ्या दुकानातली ती खुर्ची आता दुसऱ्या कुणीतरी सांभाळावी, असं मला मनापासून वाटतं."

आईनं पदर तोंडाला लावला. बाबांनी जोरजोरानं मान आडवी हलवली, डाव्या हातानं टॅबलेट ढकलून दिला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यांचे खांदे हलत होते. आम्हाला वाटलं, केवढा मोठा निर्णय, किती जड गेलं असेल त्यांना! मानेचं म्हणाल तर मानेवर विसंबायचं नाही हे आम्हाला पाठच होतं. ती मान कधीचीच बरोबर हलायला लागली होती, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

दादानं बाबांची इच्छा म्हणून सगळं जुळवून आणलं. पलीकडच्या रस्त्यावर एक जण नवं सलून काढत होता. तो रविवारी खुर्च्या घेऊन जाणार होता. पाठोपाठ दुकानाची जागाही भाड्यानं द्यायची ठरलं. बाबांनी त्या दिवसापासून टॅबलेटला हात लावला नाही. जेवण निम्म्यावर टाकायला लागले. आई म्हणाली, "मनातून उतरलंय त्यांच्या सगळं. जाऊ दे आता, त्यांना नको असेल तर नको."

शनिवारी दुपारी मी गेले तेव्हा वहिनी टेबलाच्या टोकाला टॅबलेट घेऊन बसली होती. बाबा तो का वापरत नाहीत, काही बिघडलंय का, हे ती तपासत होती. तपासायला म्हणून तिनं तीच तीन बटणं दाबली होती. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "बसा जरा. हे ऐका."

दुकान, संध्याकाळ, खुर्ची. टॅबलेट म्हणाला, "संध्याकाळी दुकानातल्या खुर्चीत निवांत बसावं, असं वाटतं."

तिनं परत दाबलं. "दुकानातली खुर्ची संध्याकाळपर्यंत दुरुस्त होईल का?"

परत. "संध्याकाळ झाली, तरी दुकानात खुर्ची रिकामी नाही, ही आनंदाची गोष्ट आहे."

"हे काय गं? दरवेळी वेगळंच?" मी म्हणाले.

"दरवेळी वेगळंच येणार. मीच तसं केलंय ना, चिठ्ठी टाकून शब्द उचलायचा म्हणून." "त्या दिवशी दुसरी चिठ्ठी निघाली असती तर तुमचे दादा खुर्ची दुरुस्त करणाऱ्याला घेऊन आले असते. बाबा तीनच शब्द बोललेत, वकील. बाकी सगळं पानानं लिहिलंय. आणि हे बघा." तिनं पडद्यावर बोट फिरवलं. "चहा आहे, पाणी आहे, खिडकी आहे. 'नाही' कुठे आहे? मी बाबांना 'नाही' म्हणायला बटणच ठेवलं नाही. वाक्य दाखवलंसुद्धा नाही आधी, सरळ बोलून मोकळं. ते गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय कापड काढत नव्हते, आणि मी..." एवढं बोलून ती रडली. आमच्या घरात आल्यापासून ती एका दमात इतकं पहिल्यांदाच बोलली होती. मला तिची इतकी माया दाटून आली की काय बोलावं सुचेना. मी, आणि सुचेना! मी नुसती तिच्या पाठीवर हात ठेवून बसले.

दादाला सांगितलं तर तो गोंधळला. "अगं, पण ते रडले. मी बघितलं."

"आपण दुसऱ्याच्या तोंडचं वाक्य त्यांच्या गळ्यात मारलं, म्हणून रडले," मी म्हणाले. "तुझ्या गळ्यात मारलं असतं तर तू काय नाचला असतास?"

वहिनीनं शनिवारचा उरलेला दिवस कोडात डोकं घातलं. प्रेमळ आणि सुसंस्कृत गृहस्थाला तिनं पहिल्यांदा हाकललं. त्या जागी लिहिलं: दिलेल्या शब्दांत कमीत कमी भर घाल. आता पान आधी बोलणार नव्हतं. तीन छोटी वाक्यं नुसती लिहून दाखवणार आणि थांबणार होतं. खाली एक हिरवं 'हो'. आणि शेजारी, सगळ्या पानात सगळ्यात मोठं, लाल 'नाही'.

रविवारी सकाळी खुर्चीवाला दोन माणसं घेऊन आला. दादा त्याला थांबवायला खाली धावला आणि आम्ही बाबांना धरून धरून जिना उतरवला. आजारी पडल्यापासून ते पहिल्यांदाच दुकानात येत होते. आरशांवर धूळ बसली होती, फवाऱ्यातलं पाणी आटलं होतं. आई आमच्या मागे मागे आली आणि दारातच उभी राहिली. बाबांना आम्ही पहिल्या खुर्चीत बसवलं. वहिनीनं टॅबलेट पुढे केला तशी त्यांनी तोंड फिरवलं.

तिनं जबरदस्ती केली नाही. खिळ्यावरचा गोल आरसा काढला, ओढणीनं पुसला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. म्हणाली, "बाबा, चूक माझी. मी मागून आरसा दाखवला नाही. आता आधी दाखवणार, आणि तुम्ही हो म्हणेपर्यंत हे तोंड उघडणार नाही."

बाबा आरशाकडे बघत राहिले. मग त्यांनी टॅबलेट घेतला. दुकान. संध्याकाळ. खुर्ची. तीन वाक्यं उमटली. टॅबलेट गप्प. बाबांनी ती तिन्ही सावकाश वाचली आणि लाल बटण दाबलं.

नवी तीन आली. नाही. आणखी तीन. नाही. दादा कुजबुजला, "अगं, हेही चुकतंच आहे की."

"चुकू दे," वहिनी म्हणाली. "नाही म्हणतायत ना ते!"

आणि खरंच, बाबांना आता रंग चढला होता. बोट उचलून, नेम धरून ते 'नाही' दाबत होते. प्रत्येक 'नाही'गणिक पाठ ताठ होत होती. कित्येक महिन्यांत त्यांना कुणाला काही नाकारायला मिळालं नव्हतं, आणि या माणसाचा सगळा जन्म गिऱ्हाइकांची मतं खोडून काढण्यात गेलेला! ते हसले. एका बाजूनं वाकडे, पण तेच ते जुने, खट्याळ. खुर्चीवाल्यालाही हसू आलं. हसता हसता त्यानं भिंतीकडच्या खुर्चीवरची चादर उचलली, दांडा दाबून बघितला आणि म्हणाला, "अहो, हिचा पंप तर ठणठणीत आहे. ही तर नव्यासारखी ठेवलीय!"

बाबांचं हसू थांबलं. त्यांनी वहिनीकडे बघितलं. वहिनीनं पडद्यावर कुठेतरी बोट लावलं आणि मॉडेल बंदच करून टाकलं. "बाबा, तुमचे शब्द. जसे आहेत तसे. वर काही नाही." त्यांनी परत दाबली तीन बटणं, आणि आता टॅबलेट नुसता म्हणाला, "दुकान. संध्याकाळ. खुर्ची."

"अगं बाई," दारातून आई म्हणाली.

आम्ही वळून बघितलं तर आई लाजेनं लाल झाली होती. या वयात! "खाली ठेवा ती," ती खुर्चीवाल्याला म्हणाली. "ती माझी आहे."

मग तिनं सांगितलं, आमच्याकडे न बघता, फरशीकडे बघत. लग्न झाल्यापासून रोज संध्याकाळी शटर अर्ध्यावर आलं की बाबा तिला खाली बोलवायचे, त्या खुर्चीत बसवायचे आणि तिचे केस सोडून विंचरायचे. दिवसभराच्या गप्पा तेव्हा व्हायच्या. आवरायला जाते म्हणजे हे आवरायला. "तुम्हाला काय सांगायचं होतं त्यात! आणि मला मेलीला कळू नये? नुसते ते तीन शब्द म्हणाले असते तरी कळलं असतं. ते आयुष्याची संध्याकाळ वगैरे आलं ना, मला वाटलं, खरंच गेले आपल्यापासून लांब."

खुर्चीवाला भला माणूस. त्यानं आपल्या माणसांना घेऊन काढता पाय घेतला. आई जाऊन तिसऱ्या खुर्चीत बसली. वहिनीनं आणि दादानं बाबांना तिच्यामागे स्टुलावर बसवलं. डाव्या हातात कंगवा धरायला त्यांना वेळ लागला. मग ते विंचरू लागले. कंगवा केसांत अडकत होता, आई "आई गं" म्हणत होती आणि हलत नव्हती. भांग निघाला तो नदीसारखा नागमोडी. बाबांनी कंगवा ठेवला आणि वहिनीकडे बघितलं. तिला सांगावं लागलं नाही. तिनं गोल आरसा उचलून आईच्या डोक्यामागे धरला. आम्ही सगळे गप्प उभे राहिलो.

आईनं खूप वेळ बघितलं. मग म्हणाली, "हा काय भांग आहे? शाळेतल्या पोरानं काढलेली रेघ बरी. मला उद्या परत यावं लागणार." समजुतीचा तो सूर गेला होता. बाबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते जोरजोरानं मान हलवत होते, उभी. कुणाला शंका घ्यायला जागा नव्हती.

दुकान आम्ही दिलं नाही. शेजारच्या गल्लीतला एक कारागीर दोन खुर्च्या चालवतो, बाबा बाकावर बसून त्याच्या कामात चुका काढतात, लाल बटणानं. टॅबलेट त्यांच्याजवळ असतो. मॉडेल अजून आहे, वाक्यं दाखवतं, निम्मी बाबा खोडतात. आणि व्यायामाच्या बाई म्हणतात, चिडले की तोंडानं "ना" स्पष्ट येतं.

वहिनीनं नंतर त्या पानावर एक नवं बटण घातलं. चित्र नाही, नुसता शब्द: सरकार. संध्याकाळी शटर अर्ध्यावर आलं की खालून टॅबलेटचा तो आवाज एकच शब्द बोलतो आणि आई पदराला हात पुसत जिना उतरते. ते दाबल्यावर पुढे कधीच काही येत नाही, म्हणून मी वहिनीला विचारलं, बिघडलंय का गं ते?

"नाही," ती म्हणाली. बोटं चाललेलीच होती. "ते मी मॉडेलला जोडलेलंच नाही. त्याच्यापुढचं आईंना माहीत आहे."